एकेरी

नईमच्या गल्लीत पौलोसचं दुकान.
पाटीवरच्या अरबीतला एक ठिपका गळालेला,
आत मेलेले टेपरेकॉर्डर एकावर एक
आणि पंख्याच्या वाऱ्यात इकडून तिकडे
सोल्डरचा धूर.
मी हेडफोन काउंटरवर ठेवला. म्हटलं,
बदलून दे. अर्धं गाणं खातो.
बाई गाते, पण एकटीच,
साथीदार सगळे जेवायला उठून गेल्यासारखी.

पौलोसनं तो स्वतःला लावून पाहिला.
त्याची बोटं काउंटरवर ठेका धरू लागली.
तबला होता.
मग त्यानं तो उलटा करून माझ्या डोक्यावर चढवला,
डावा उजवीकडे,
तेव्हा तबला आला आणि बाई गेली.

तो काही बोलला नाही. मीही.
हिद्दच्या गोदीत एकवीस वर्षं
ग्राइंडर माझ्या कुठल्या बाजूला होता
ते आम्हा दोघांना एकदमच कळलं.

"मोने," तो म्हणाला.
मला वाटलं, आमच्या आळीतल्या मोन्यांना हा कसा ओळखतो?
त्याच्या भाषेत मोने म्हणजे लेका, बाळा.
मग माझा फोन घेऊन, पडद्यावर बोट सरकवत:
"मोनो."

फरक एका कान्याचा.
माझ्याकडेही नेमका तेवढाच कमी होता.

दो का एक करता, त्यानं समजावलं.
डावीकडचं, उजवीकडचं एकाच किटलीत ओतायचं
आणि दोन्ही पेल्यांत तोच चहा.
एक पेला फुटका असला
तरी चहा काही चुकत नाही.

आणि खरंच, उजव्या कानात
बाई, तबला, पेटी, मागे कुणीतरी खोकलेला,
सगळे दाटीवाटीनं आले,
लग्नाच्या फोटोत शेवटच्या क्षणी घुसतात तसे.
कोण कुठे उभं आहे ते आता कळत नव्हतं.
पण सगळे होते.

बाकावर एक म्हातारा रेडिओ मांडीवर घेऊन बसलेला.
"उहादी," तो म्हणाला आणि एक बोट वर केलं.
वाहिद, अहद, उहादी.
त्याच्याही सेटला मागे तो खटका होता.
पाण्यापलीकडचं स्टेशन धरायचं तर उहादीच बरं,
दोनाचा हट्ट केला की खरखर वाढते.
एवढं बोलून तो पुन्हा
त्याचा नंबर येण्याची वाट बघू लागला.

खोलीवर परतताना मी आपला शब्द शोधत होतो.
एकसुरी? ते आमच्या सुपरवायझरचं भाषण.
एककल्ली? ते मी, असं हेमलता म्हणते.
एककर्णी? हा तर कुंभकर्णाचा
वाटणीत फसवला गेलेला चुलतभाऊ.
एकेरी.
एकेरी दोरा, एकेरी वाट.
आणि भांडण पेटलं की माणसं येतात
ती एकेरी.

इथे माझ्याशी कुणी एकेरीवर येत नाही.
कॅम्पात मी भाई, बँकेत मिस्टर,
जैतापूरला फोन लावला की अहो.
अहो, जेवलात का.
अहो, पैसे पोचले.
बावीस वर्षांचा संसार, त्यातला बहुतेक
या अहोच्या दोन बाजूंना.

शुक्रवारी मी तिला सांगितलं नाही.
गच्चीवर एसीचे डबे घरघरत होते
आणि फोन सवयीनं डाव्या कानाला.
ती काहीतरी विचारत होती, पुन्हा विचारत होती,
मी नुसता हं, हं.
मग कान बदलला, आणि नेमका तेव्हाच
तिचा धीर सुटला:
"अरे, तू ऐकतोयस का?"

पलीकडे एकदम शांत.
तिनं जीभ चावली असणार.
खाली रस्त्यावर कुणीतरी
शटर ओढत होतं.

मला स्पष्ट ऐकू आलं होतं.
तरी म्हणालो,
काय म्हणालीस? नीट आलं नाही.
पुन्हा बोल.